झेन ग्रेची मासेमारी आणि घरचा हिशेब

आपल्या ग्रंथालयात इंग्रजी कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर झेन ग्रेच्या दोन-तीन जुन्या कादंबऱ्या आहेत. काउबॉय, घोडे, वाळवंट असलं लिहिणारा अमेरिकन, एवढीच बहुतेकांना त्याची ओळख. मला मात्र तो आवडला तो त्याच्या मासेमारीमुळे. आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त त्याची बायको आवडली.

जन्म १८७२ चा, ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल गावात. हे गाव त्याच्या आईच्या पूर्वजांनी वसवलेलं. बाप दातांचा डॉक्टर आणि तापट. मुलाने गोष्ट लिहिली तेव्हा बापाने कागद फाडले, वर मारलं. मुलगाही पुढे दातांचाच डॉक्टर झाला, पण त्याचं मन बेसबॉलमध्ये आणि नदीवर. न्यूयॉर्कला दवाखाना थाटला तरी सुट्टी मिळाली की हा डेलावेअर नदीवर पळायचा. तिथेच १९०० साली त्याला लीना रॉथ भेटली. तो तिला डॉली म्हणायचा. १९०५ मध्ये लग्न झालं. डॉलीकडे वारशाचे पैसे होते, त्यांच्या आधारावर त्याने दवाखाना बंद केला आणि लिहायला बसला. त्याचं हस्तलिखित ती सुधारायची, प्रकाशकांशी करार तीच बघायची. १९१२ ला ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ आलं आणि घरात पैसा आला.

मग सुरू झाल्या सहली. त्यात त्याला वेड लावलं ते स्टीलहेड ट्राउटने. हा मासा जन्मतो नदीत, वाढायला समुद्रात जातो, चांदीसारखा चकचकीत होतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्याच नदीत परत येतो. परत आल्यावर तो फारसं खात नाही, त्यामुळे गळाला सहज लागत नाही. शिवाय तो येणार त्याच्या वेळेला, आपल्या सोयीने नाही. वरच्या बाजूला पाऊस झाला, पाणी गढूळ झालं, की दिवस वाया. म्हणून अशा सहलीची आखणी आधीपासून करावी लागते: महिना कुठला, पाणी किती, होड्या कशा, खाणं किती दिवसांचं.

१९२५ मध्ये तो ओरेगॉनमधल्या रोग नदीवरून (नावावर जाऊ नका!) होड्या घेऊन समुद्रापर्यंत उतरला. मध्ये खडक, धबधब्यासारखं पाणी. पुढे त्याने त्याच नदीकाठी विंकल बार इथे लाकडी झोपडी घेतली. ती अजून उभी आहे.

आमचे अंकल रविवारी मिस्सानंतर गरी घेऊन मांडवीकाठी बसतात. त्यांची तयारी म्हणजे थोडी सुंगटं आणि आंटीने भरलेला डबा. ग्रेची तयारी म्हणजे होडीवाले, स्वयंपाकी, सामानाचे ढीग. पण आंटीचा डबा दोन्हीकडे आहे, असं मला वाटतं. वर्षातले कित्येक महिने हा माणूस बाहेर, आणि घरी तीन मुलं, पैशांचे व्यवहार आणि पुढच्या पुस्तकाची दुरुस्ती डॉलीकडे. त्याच्या सोबत इतर बायकाही असायच्या आणि ते तिला माहीत होतं. ती हे का सहन करत होती, यावर लोक वेगवेगळं बोलतात. मला ती बिचारी वाटत नाही. कमाई दोघांत अर्धी-अर्धी वाटायचं ठरलेलं होतं, आणि त्या काळात किती लेखकांच्या बायकांना असा वाटा मिळाला असेल? तरीही लांबच्या नदीवरून आलेलं पत्र वाचून परत हिशेबाच्या वहीकडे वळणं सोपं नसणार.

पुढे तो रोग सोडून उत्तरेकडच्या नॉर्थ अम्पक्वा नदीवर जाऊ लागला. १९३७ मध्ये तिथेच मासेमारीच्या मुक्कामात त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून तो बराच सावरला, पुन्हा गळ हातात घेतला. २३ ऑक्टोबर १९३९ ला कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना इथल्या घरी तो गेला. न छापलेली हस्तलिखितं मागे बरीच उरली होती. डॉली १९५७ पर्यंत होती, आणि त्या सगळ्या वर्षांत झेन ग्रेची नवी पुस्तकं निघत राहिली.