एक वर्षासाठी गेलेले डॉक्टर कोटणीस



संध्याकाळच्या आरतीनंतर घरातल्या एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, म्हणून आपण या ग्रुपवर चरित्रं पाठवत असतो. आजचं चरित्र कुण्या संताचं नाही, सोलापूरच्या एका डॉक्टरचं आहे. ते आत्ताच पाठवण्याचं कारण असं की आपल्या काही घरांतली लेकरं डॉक्टरी शिकताहेत. कॉलेजातली मुलं सुट्टीत सेवा-पथकाबरोबर जातात, कुणी आदिवासी पाड्यांवर, तर कुणी थेट आफ्रिकेतल्या गरीब देशांत. आम्हीही जाऊ का, असं लेकरं घरी विचारतात आणि मायबाप कोड्यात पडतात. परक्या मुलखात लेकराला काही झालं तर? आणि चार दिवस जाऊन खरंच कुणाचं भलं होतं का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण काढू या.

*सोलापूरचा मुलगा*

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं पुष्कळ. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. तिथे मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. आपल्या बोथलाही घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि गुड्यावर गोंडी चालते, तेव्हा आपल्याला ते वातावरण वेगळं सांगायला नको. पुढे ते मुंबईला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. आणखी पुढे शिकायचं मनात होतं. घरच्यांच्याही आशा त्यांच्यावर होत्या. घरातलं पोर डॉक्टर झालं की मायबापांच्या मनात काय काय येतं, ते आपण सगळे जाणतो.

*चीनची हाक*

1937 साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. गावंच्या गावं बेचिराख होत होती आणि जखमींना हात लावायला डॉक्टर मिळत नव्हते. चीनचे सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. 1938 मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, लोकांकडून सुमारे 22,000 रुपये जमवले आणि स्वयंसेवक डॉक्टरांचं पथक उभं केलं. आपला देश तेव्हा स्वतःच गुलामीत होता, तरी शेजाऱ्याच्या दुःखासाठी लोकांनी पैसा काढून दिला. हे लेकरांना मुद्दाम सांगावं.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. ते आधी स्पेनच्या युद्धातही जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीसांचं वय होतं 27. ठरलं होतं एका वर्षासाठी. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली आणि त्याच महिन्यात मंडळी चीनच्या दक्षिणेला, कँटन बंदरात उतरली.

पुढे हांको, यिचांग, चुंगकिंग असा प्रवास झाला. जपानी फौजा पुढे सरकत होत्या, शहरांवर बॉम्ब पडत होते. 1939 च्या फेब्रुवारीत पथक उत्तरेला येनानला पोचलं. तिथे मातीच्या डोंगरात गुहा कोरून त्यांत दवाखाना थाटला होता. आपले डॉक्टर त्या गुहांतच काम करू लागले.

*घरची बातमी*

चीनमध्ये असतानाच सोलापूरहून बातमी आली की वडील गेले. आपण एक क्षण थांबू या. परत जायचं म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं, की नावंही ठेवली नसती. पण ते परत आले नाहीत. समोर जखमी माणसं पडली होती आणि वडिलांना आता परत आणता येणार नव्हतं.

गुरुबंधूंनो, इथे आम्ही कुणाला उपदेश करणार नाही. मायबापांची सेवा हीच पहिली सेवा, हे आपण रोज ऐकतो. कोटणीसांना वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही, आईजवळ बसता आलं नाही, हे दुःख खरंच आहे आणि त्यावर मोठ्या शब्दांचं पांघरूण घालून चालणार नाही. त्यागाची गोष्ट वाचताना त्याची किंमत घरच्यांनीही मोजली, हे लक्षात ठेवावं. हार एकाच्या फोटोला पडतो, पण त्याग सगळ्या घराचा असतो.

*वर्ष संपलं, ते थांबले*

हळूहळू पथकातले डॉक्टर भारतात परतले. कुणाची तब्येत बिघडली, कुणाची मुदत संपली. शेवटी कोटणीस आणि बसू उरले. 1940 मध्ये कोटणीस अगदी आघाडीवरच्या डोंगराळ मुलखात गेले. त्या भागात नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करत असत. ऑपरेशन करताना बोटाला झालेली जखम चिघळली, रक्तात विष भिनलं आणि 1939 च्या नोव्हेंबरात ते गेले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दवाखान्याचे संचालक म्हणून 1941 च्या जानेवारीत कोटणीसांची नेमणूक झाली.

दवाखाना म्हणजे मोठी इमारत समजू नका. खेड्यातली घरं हेच वॉर्ड. शत्रू जवळ आला की जखमींना उचलायचं, सामान बांधायचं आणि दुसऱ्या गावी जायचं. एका लढाईत कोटणीसांनी 72 तास न झोपता ऑपरेशनं केली, असं सांगतात.

पण आम्हाला त्या 72 तासांपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, ते चिनी भाषा शिकले. नुसती दुखतं कुठे, एवढं विचारण्यापुरती नाही, तर वर्गात उभं राहून शिकवता येईल इतकी. दुसरी, त्यांनी तिथल्या पोरांना शिकवलं. बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया शिकवत आणि त्या मुलांसाठी चिनी भाषेत पुस्तक लिहीत. एक डॉक्टर दिवसाला किती जखमी बघणार? पण त्याने शिकवलेली पन्नास पोरं पन्नास गावांत बघू शकतात. तिथल्या लोकांनी त्यांना के दिहुआ हे चिनी नाव दिलं. त्या मुलखात माणूस आपला झाला की त्याला आपल्या भाषेतलं नाव देतात.

तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ते तिथल्या कम्युनिस्ट पक्षात सामील झाले. आपल्यापैकी काहींना हे वाचून नवल वाटेल. पण चरित्र सांगायचं तर पूर्ण सांगावं, आपल्याला रुचेल तेवढंच निवडू नये. त्यांची वाट आपली नव्हती. त्यांच्या हातून झालेली सेवा मात्र कुठल्याही वाटेवरच्या माणसाने नमस्कार करावा अशी आहे.

*शेवट*

शेवटच्या काळात त्यांना फिटचे झटके येत होते. उपचारासाठी मागे जावं, असं सोबतचे लोक सांगत. ते गेले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला झटके थांबलेच नाहीत आणि पहाटे त्यांचा देह पडला. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पुढे तो मुलगाही डॉक्टरी शिकत होता, पण 1967 मध्ये ऐन तारुण्यात गेला. छिंगलान बाईंनी दीर्घ आयुष्य काढलं, सासरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या, आणि 2012 मध्ये त्यांचं निधन झालं.

चीनमध्ये शिजियाझुआंग शहरात कोटणीसांची समाधी आहे, पुतळा आहे. सोलापुरात स्मारक आहे. 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो घरातल्या आजी-आजोबांना आठवत असेल.

*आपण काय घ्यावं?*

आपल्या भागात आरोग्य शिबिरं होतात. मंडप लागतो, फोटो निघतात, गोळ्यांची पाकिटं वाटतात आणि संध्याकाळी बॅनर उतरतो. गोंड किंवा कोलाम म्हाताऱ्या बाईला गोळी कधी घ्यायची हे तिच्या भाषेत सांगणारं कुणी नसेल, तर ती पुडी आढ्याला खोचलेलीच राहते. मग आफ्रिकेत दोन आठवडे गेलेल्या विद्यार्थ्याचं वेगळं काय होणार? त्याचे हात शिकतात, हे चांगलंच आहे. पण गावाला काय मिळालं, हेही त्याने विचारावं.

म्हणून आपल्या परिवारातली लेकरं जाऊ म्हणत असतील तर त्यांना अडवू नका. फक्त निघण्याआधी तीन गोष्टी विचारा. तिथल्या भाषेतले निदान रोजचे शब्द शिकलास का? जे काम अजून शिकलेला नाहीस, ते गरिबाच्या अंगावर करून बघणार नाहीस ना? आणि तू परत आल्यावर तिथलं काम पुढे कोण चालवणार? या तिन्हींची उत्तरं नीट असतील तर आरती ओवाळून पाठवा. नसतील तर आधी जवळचा गुडा बघायला सांगा. तिथे गोंडी शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही.

आणि ज्या घरातलं माणूस सेवेसाठी दूर गेलं आहे, त्या घराची सेवा बाकीच्या परिवाराने करावी. त्यांच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, रात्री-बेरात्री फोन उचलणं, सणाला ताट पोचवणं. सोलापूरच्या त्या घराला त्या दिवसांत असा आधार किती लागला असेल, याचा विचार करा.

वाचून झाल्यावर लेकरांना काय वाटलं ते विचारा. आपल्या घरातलं कुणी बाहेरगावी सेवेत असेल तर गावच्या सेवेकऱ्यांना कळवा, म्हणजे त्या घराकडे लक्ष ठेवता येईल.

🙏 जय गुरुदेव 🙏