सर आल्बर्ट हॉवर्ड

मातीला आपण निर्जीव समजतों व पायांखालीं तुडवितों. परंतु मातीचें आरोग्य पिकांत, पिकांचें जनावरांत व माणसांत उतरतें, असें आयुष्यभर सांगणाऱ्या एका शास्त्रज्ञाचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत देत आहों.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म सन १८७३ मध्यें इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. केंब्रिज येथें शिक्षण घेऊन ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास करूं लागले. तेथें एक उणीव त्यांच्या मनास सारखी बोचूं लागली. ज्यानें स्वतः पीक काढलें नाहीं, त्यानें शेतकऱ्यास कोणत्या तोंडानें उपदेश करावा? म्हणून सन १९०५ मध्यें बिहारांतील पुसा येथील सरकारी कृषिसंस्थेंत नेमणूक होतांच त्यांनीं स्वतः कसण्यासाठीं ७५ एकर जमीन मिळविली. आणि आसपासचे शेतकरी व पिकांवरील कीड ह्या दोघांसच गुरु केलें. त्यांची विदुषी पत्नी गॅब्रिएल ह्या कार्यांत त्यांच्या बरोबरीच्या सहकारी होत्या.

पुसा येथें शेजारच्या गुरांत लाळखुरकुताची साथ आली. कुंपणावरून तीं गुरें हॉवर्ड यांच्या बैलांच्या तोंडाला तोंड लावीत. तरी सकस जमिनींतील चारा खाणारे ते बैल निरोगी राहिले. ही गोष्ट ते कधीं विसरले नाहींत.

सन १९२४ मध्यें ते इंदुरास आले. कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा यांच्या थरांवर शेण, गोठ्यांतील मुतानें भिजलेली माती व राख पसरावयाची, पाणी शिंपडावयाचें व ठराविक दिवसांनीं ढीग उलथावयाचा. हवा व ओलावा मिळून सूक्ष्म जंतु सुमारें तीन महिन्यांत त्याचें काळें, भुसभुशीत खत करीत. ह्या ‘इंदूर पद्धती’वर त्यांनीं यशवंत वाड यांच्यासह सन १९३१ मध्यें ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षीं गॅब्रिएलबाई निवर्तल्या होत्या.

स्वदेशीं परतल्यावर सन १९३४ मध्यें त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. लंडनजवळील एका शाळेंत पूर्वीं सर्दी, गोवर एकापासून सर्व मुलांत पसरे. कृत्रिम खत सोडून ह्या खतावर वाढविलेल्या भाज्या जेवणांत आल्यावर आजार बहुधा बाहेरून तो घेऊन आलेल्या मुलापाशींच थांबूं लागला, असें त्यांनीं आपल्या सन १९४० च्या ग्रंथांत नमूद केलें. एवढ्यावरून सिद्धांत ठरत नाहीं, व अनेक शास्त्रज्ञांनीं त्यांना विरोधहि केला. परंतु कुजलेल्या खतानें माती पाणी धरून ठेविते, पावसांत कमी वाहून जाते व नदीनाल्यांत गाळहि कमी उतरतो, हें आज सर्वमान्य आहे.

सन १९४७ मध्यें त्यांचें निधन झालें. आपल्या अंगणांतील पाला व स्वयंपाकघरांतील सालें जाळण्यापूर्वीं किंवा फेंकण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ह्या थोर पुरुषाचें स्मरण करावें. मातीकडून घेतलेलें मातीस परत देणें हें ऋणमोचन आहे, आणि तें करण्यास एक लहानसा खड्डा पुरेसा आहे.