नास्तिकाच्या शब्दाची किंमत

भारताच्या संसदेत निवडून आलेला सभासद आपल्या जागेवर बसण्यापूर्वी राज्यघटनेवरील निष्ठा व्यक्त करतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग मोकळे असतात. तो ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेऊ शकतो किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत आणि दोहोंचे मोल सारखेच आहे. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल अशी शंकाही येत नाही. परंतु ज्या ब्रिटिश पार्लमेंटच्या धर्तीवर आपली संसदीय परंपरा उभी राहिली, तेथे याच साध्या हक्कासाठी एका लोकनियुक्त सभासदाला सुमारे सहा वर्षे झगडावे लागले. त्या सभासदाचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. गेल्या शतकाच्या आरंभीच्या सुशिक्षित भारतीयांना हे नाव हिंदुस्थानचा कैवारी म्हणून परिचित होते. इंग्लंडमध्ये मात्र ते आधी ओळखले गेले ते कट्टर नास्तिक म्हणून.

शंकेचे प्रायश्चित्त

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. घरची गरिबी असल्यामुळे अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा नोकरीला लागला. तथापि त्याची धर्मश्रद्धा उत्कट होती व रविवारच्या धर्मशाळेत तो लहान मुलांना शिकवीत असे. लंडनचे बिशप दृढीकरणाच्या विधीसाठी येणार होते, तेव्हा स्थानिक धर्मगुरूंनी या हुशार मुलाला विशेष तयारी करण्यास सांगितले. त्याने ती मनापासून केली. चर्चची एकोणचाळीस धर्मकलमे आणि चार शुभवर्तमाने त्याने ताडून पाहिली, तो त्यांत त्याला विसंगती आढळली. त्याने धर्मगुरूंना पत्र लिहून खुलासा मागितला. उत्तरादाखल त्याला शिक्षकाच्या कामावरून दूर करण्यात आले आणि मुलगा नास्तिक होत चालल्याची तक्रार घरी पोहोचली. मते बदलण्यासाठी तीन दिवसांची मुदत मिळाली. ती संपण्यापूर्वीच या सोळा वर्षांच्या मुलाने नोकरी व घर दोन्ही सोडले.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, घर सोडताना ब्रॅडलॉ नास्तिक नव्हते. ते केवळ प्रश्न विचारणारे आस्तिक होते. प्रश्नाला उत्तर मिळाले असते तर ते कदाचित चर्चमध्येच राहिले असते. श्रद्धेच्या रक्षणासाठी म्हणून शंकेला शिक्षा दिली जाते, तेव्हा पुष्कळदा श्रद्धेचेच नुकसान होते. याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

टॉमस पेनचे ग्रंथ छापल्याबद्दल अनेक वर्षे तुरुंगात काढणाऱ्या रिचर्ड कार्लाइल यांच्या कुटुंबात त्यांना आसरा मिळाला. पुढे कर्जापायी १८५० मध्ये त्यांनी लष्करात नाव नोंदविले. आयर्लंडमधील वास्तव्यात कुळांना घराबाहेर काढले जात असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि राजकीय अन्यायाची चीड तेथेच त्यांच्या मनात रुजली. १८५३ मध्ये लष्कर सोडून ते वकिलाच्या कचेरीत कारकून झाले. दिवसा कायद्याचे काम आणि संध्याकाळी टोपणनावाने व्याख्याने असा त्यांचा क्रम सुरू झाला. १८६० मध्ये ‘नॅशनल रिफॉर्मर’ हे पत्र निघाले, तर १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना झाली.

वादाची रीत

त्या काळी इंग्लंडमध्ये आस्तिक-नास्तिकांचे जाहीर वाद रंगत. अध्यक्ष नेमला जाई, दोन्ही पक्षांना सारखा वेळ मिळे आणि एकेक वाद अनेक रात्री चाले. धर्मोपदेशकांशी ब्रॅडलॉ यांनी असे कितीतरी वाद केले. ईश्वर नाहीच असे ठामपणे सिद्ध करण्याचा त्यांचा दावा नव्हता. ईश्वर या शब्दाने तुम्हाला नेमके काय अभिप्रेत आहे ते आधी सांगा, आणि ते सांगितल्याखेरीज माझ्याकडून होकाराची अपेक्षा करू नका, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका खोडून काढणे कठीण होते. म्हणून की काय, त्यांच्याविषयी एक कंडी पिकविण्यात आली. भरसभेत खिशातून घड्याळ काढून, ईश्वर असेल तर त्याने पाच मिनिटांत मला ठार करावे, असे आव्हान ते देतात, असे सांगितले जाई. ही कथा धादांत खोटी होती. ब्रॅडलॉ यांनी तिचा वारंवार इन्कार केला, प्रसंगी न्यायालयातही धाव घेतली. पण ती जन्मभर त्यांच्या पाठीस लागली.

कायद्याचा आघात याहून खोल होता. ईश्वर व परलोकातील शिक्षा न मानणाऱ्याची साक्ष इंग्लंडच्या न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे. जो नरकाला भीत नाही तो खोटे बोलणारच, असे त्यामागील गृहीत होते. परिणामी नास्तिकाला लुबाडले तरी त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. ब्रॅडलॉ यांनी याचा अनुभव स्वतः घेतला. १८६९ च्या पुराव्याविषयीच्या कायद्याने हे बंधन न्यायालयापुरते दूर झाले, त्यामागे त्यांची चिकाटी होती. १८६८ च्या निवडणुकीत जॉन स्टुअर्ट मिल यांनी ब्रॅडलॉ यांच्या निधीला दहा पौंड दिले, तर तेवढ्यावरूनही गहजब झाला. १८७७ मध्ये संततिनियमनावरील एक पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल ब्रॅडलॉ आणि त्यांच्या सहकारी ॲनी बेझंट यांच्यावर खटला भरला गेला. शिक्षा अपिलात रद्द झाली, पण बेझंटबाईंना आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागला. नास्तिकाला आई होण्याचाही अधिकार नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

सहा वर्षांचा झगडा

१८८० च्या निवडणुकीत नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी, ज्यांत जोडे बनविणारे कारागीर मोठ्या संख्येने होते, ब्रॅडलॉ यांना कॉमन्स सभेवर पाठविले. ३ मे रोजी त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. कॅथलिकांसाठी १८२९ मध्ये आणि ज्यूंसाठी १८५८ मध्ये त्या सभेची दारे उघडली होती. क्वेकर पंथीयांना तर प्रतिज्ञेची मुभाही होती. पण ती मुभा श्रद्धेपोटी शपथ टाळणाऱ्यांसाठी होती. श्रद्धा नसल्यामुळे टाळणाऱ्याला ती द्यावी की नाही, हा प्रश्न होता. चौकशी समितीने एका मताने ती नाकारली. तेव्हा ब्रॅडलॉ शपथ घेण्यास तयार झाले; मात्र तिच्यातील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या लेखी अर्थ नाही, हेही त्यांनी जाहीरपणे कळविले. विरोधकांना हवे होते तेच मिळाले. रँडॉल्फ चर्चिल आदी हुजूरपक्षीय तरुणांनी, ज्याला शपथेचा अर्थच मान्य नाही त्याला ती घेऊ देणे म्हणजे ईश्वराची विटंबना होय, असा घोष सुरू केला. प्रतिज्ञा करू द्यायची नाही आणि शपथही घेऊ द्यायची नाही, असा तो पेच होता.

यातील विपर्यास उघड होता. मनात विश्वास नसताना निमूटपणे शपथ उच्चारून जागेवर बसलेले सभासद त्या सभेत नव्हते असे कोणी म्हणू शकत नव्हते. शिक्षा झाली ती आपला अविश्वास प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला. तथापि ब्रॅडलॉ यांची बाजूही इथे निष्कलंक होती असे नाही. जे शब्द निरर्थक वाटतात तेच उच्चारण्याची तयारी दाखवून त्यांनी आपल्या तत्त्वाला मुरड घातली, हा आक्षेप काही मित्रांच्याही मनात होता. मतदारांनी दिलेली जागा सोडायची की शब्दांबाबत तडजोड करायची, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी जागेला अधिक महत्त्व दिले.

पुढील घटनांचा क्रम नाट्यमय आहे. जून १८८० मध्ये सभागृह सोडण्यास नकार दिल्यामुळे त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवले गेले. काही काळ प्रतिज्ञेवर बसू दिल्यावर न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला आणि जागा रिकामी ठरली. नॉर्दॅम्प्टनने १८८१ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांना पोलिसांनी व सभागृहाच्या सेवकांनी अक्षरशः उचलून बाहेर काढले. १८८२ आणि १८८४ मध्ये मतदारांनी पुनःपुन्हा तोच कौल दिला.

या झगड्यातील सर्वांत उदात्त प्रसंग मात्र एका आस्तिकाच्या नावावर जमा आहे. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. ब्रॅडलॉ यांची मते त्यांना अत्यंत अप्रिय वाटत. तरीही एप्रिल १८८३ मध्ये प्रतिज्ञेची मुभा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने त्यांनी केलेले भाषण त्यांच्या श्रेष्ठ भाषणांत गणले जाते. कोणताही ईश्वर माना, पण माना, एवढीच अट घालणे म्हणजे ख्रिस्ती धर्माचे रक्षण नव्हे. उलट धर्माच्या नावाने अन्याय झाला की लोक धर्मापासूनच दुरावतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. विधेयक २८९ विरुद्ध २९२, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटचे सभापती पील यांनी कोणाचीही हरकत ऐकून घेण्यास नकार दिला आणि ब्रॅडलॉ आपल्या जागेवर बसले. १८८८ मध्ये त्यांच्याच विधेयकाने, ज्याची इच्छा असेल त्याला शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क मिळाला.

हिंदुस्थानच्या इतिहासात याला एक उपरोधिक जोड आहे. याच साम्राज्याच्या सरकारने १८७३ च्या कायद्यान्वये येथील हिंदू व मुसलमान साक्षीदारांना, तसेच शपथेला हरकत असणाऱ्या कोणालाही, प्रतिज्ञेची सोय करून दिली होती. मुंबई-पुण्याच्या न्यायालयात साक्षीदाराला जे मिळत होते, ते वेस्टमिन्स्टरमध्ये लोकप्रतिनिधीला मिळत नव्हते. १८८८ सालीच पुण्यात आगरकरांचा ‘सुधारक’ सुरू झाला. मिलच्या या वाचकालाही आपल्या अज्ञेयवादाची किंमत मोजावी लागली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

डिसेंबर १८८९ मध्ये ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले. दुखण्यातून ते नुकते उठले होते. अधिवेशनाला जमलेल्या प्रतिनिधींची संख्या योगायोगाने १८८९ च होती. त्यांत सोवळे पाळणारे होते, पारशी होते, मुसलमान होते. त्यांनी या नास्तिकाला मानपत्रे अर्पण केली, कारण त्याने दिलेला शब्द तो पाळील याची त्यांना खात्री होती. १८९० मध्ये त्यांनी कायदे कौन्सिलांच्या सुधारणेचे विधेयक पार्लमेंटात मांडले. मात्र १८९२ चा कायदा पाहण्यास ते उरले नाहीत. २७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्स सभेने त्यांना बंदी करणारा जुना ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकला. ब्रॅडलॉ तेव्हा मरणासन्न होते. ती वार्ता त्यांना कळलीच नाही. ३० जानेवारीला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या दफनविधीला लंडनमधील अनेक भारतीय गेले होते. त्यांत मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थीही होता. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका धर्मगुरूची थट्टा आरंभल्याचे आणि धर्मगुरूने ती शांतपणे सोसल्याचे त्याने पाहिले. त्या नास्तिकाच्या वागण्याने त्याचे नास्तिकतेविषयीचे मत अधिकच प्रतिकूल झाले. पुढे १९३१ मध्ये, ईश्वर सत्य आहे याऐवजी सत्य हाच ईश्वर असे आपण का म्हणू लागलो हे सांगताना, गांधीजींनी ब्रॅडलॉ यांची आठवण काढली आणि सत्याचा असा शोधक नास्तिक असूच शकत नाही, असे मत मांडले. या उद्गारांत आदर आहे, पण ब्रॅडलॉ यांना ते कितपत रुचले असते? आपला नकार हा नकार म्हणूनच ऐकला जावा, त्यात कोणी होकार शोधू नये, यासाठीच तर त्यांनी आयुष्य वेचले होते.

ईश्वर आहे की नाही, हा वाद ब्रॅडलॉ यांनी जिंकला नाही आणि ग्लॅडस्टन यांनीही जिंकला नाही. तो आजही चालू आहे व चालू राहील. निकाल लागला तो वेगळ्याच प्रश्नाचा. ईश्वर न मानणाऱ्या माणसाच्या शब्दावर समाजाने विश्वास ठेवावा की नाही, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी एका नास्तिकाची चिकाटी जितकी लागली, तितकीच एका आस्तिकाची न्यायबुद्धीही लागली. आपल्या घटनेतील ते दोन पर्याय शेजारी शेजारी नांदतात, तसे ते मानणारे लोकही नांदू शकले, तरच या झगड्याचे खरे फळ आपल्या पदरी पडले असे म्हणता येईल.