निर्बळाचे बळ : पंडिता रमाबाई

ख्रिस्ती बांधवांच्या पुनरुत्थानाच्या सणाआधी गुड फ्रायडे येतो, हा क्रम चिंतनीय आहे. ज्याला ते प्रभू मानतात, तो त्या दिवशी वधस्तंभावर सर्वथा असहाय दिसतो; आणि त्यांच्या श्रद्धेनुसार त्या असहायतेतूनच ईश्वराचे सामर्थ्य प्रकट होते. संत पौलाने देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. त्यासह जगण्यास पुरेल एवढी कृपा मात्र लाभली. पूर्वरंगात सिद्धांत मांडल्यावर उत्तररंगात आख्यान लावावे, ही आम्हां कीर्तनकारांची रीत. या सिद्धांताला पंडिता रमाबाईंच्या चरित्राहून जवळचे आख्यान आम्हांस सापडत नाही. त्या एका पुराणिकाच्याच कन्या होत्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ती विद्या लेकीला दिली. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत फिरणाऱ्या या कुटुंबाला पुढे दुष्काळाने गाठले. मोलमजुरीचा सराव नाही आणि हात पसरण्याची लाज! आई, वडील व थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा या मुलीने स्वतः भार घेतला. उंची कमी पडली म्हणून तो डोक्यावर घेतला.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण विद्येने मृत्यू अडत नाही. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा उरली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यक शिकण्याची त्यांची मनीषा होती; परंतु कानांनी दगा दिला. ऐकू येणे मंदावले आणि ते दार बंद झाले.

त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद झाले, आजही आहेत. सणाच्या दिवशी तो वाद आम्हांस उकरावयाचा नाही. आमचे लक्ष वेधते ते त्यांनी स्वतः नमूद केलेल्या एका गोष्टीकडे. दीक्षेनंतर सुमारे आठ वर्षे त्यांना धर्म मिळाला होता, पण समाधान मिळाले नव्हते. बुद्धीने तत्त्वे पटली होती, मन मात्र रितेच होते. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या विद्वत्तेचा आधार सोडला आणि रित्या हातांनी ख्रिस्ताला शरण गेल्या. आमच्यासारख्या शास्त्र घोकणाऱ्यांना हे वाचून अंतर्मुख व्हावे लागते.

कसोटी लगेच लागली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेले आणि पुढे पुण्यास आणलेले त्यांचे शारदा सदन १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपाने हादरले. सल्लागार मंडळ दूर झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या खचल्या नाहीत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा हाताशी द्रव्य नसताना त्या तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भुकेने व्याकूळ मुलीची नजर त्यांना ओळखीची होती. ती त्यांनी स्वतः भोगली होती. केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम चालविले. अल्पशिक्षित बायकांनाही ते कळावे, हा हेतू. कान जवळजवळ गेले होते, देह थकला होता. जुलै १९२१ मध्ये उजवा हात असलेली मनोरमाही गेली. तरी लेखणी थांबली नाही. काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, रमाबाईंचाही काटा निघाला नाही. श्रवण परतले नाही, गेलेली माणसे परतली नाहीत. जे मिळाले ते दुसऱ्याचे ओझे उचलण्याचे बळ. आणि ते अशा स्त्रीला मिळाले, जिने आपल्यापाशी बळ नाही हे देवापुढे मान्य केले होते. आज ज्यांच्या घरी आजार, वियोग वा अपयश आहे, त्यांना हे आख्यान धीर देवो. या माउलीस आमचे सादर वंदन.