सालिम अली आणि सुगरण

‘सुगरण’ हे नाव स्त्रीलिंगी. घरटे मात्र नर विणतो. या पक्ष्याचा संसार उलगडून दाखवला तो सालिम अली (१८९६–१९८७) यांनी. १९३० साली ते जर्मनीहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांचे संग्रहालयातील पद निधीअभावी रद्द झाले होते. त्या बेकारीत अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे दीर्घ निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणून, पंख फडफडवत साद घालतो. मादी पारखून ते स्वीकारते, मग नर ते पूर्ण करून दुसरे विणू लागतो. पिलांना भरवते मुख्यतः मादीच. दुसरबीडच्या शिवारात विहिरीवरच्या बाभळीला असे घरटे आढळल्यास आपणही थांबून पाहावे. नावावरून बांधलेला समज निरीक्षणाने पडताळणे, हाच या चरित्राचा बोध होय.