कुणी विकत घेईना म्हणून गॅरेजमध्ये खोलली, त्याच खटारा गाडीतून फॉर्म्युला वनची लोटस उभी राहिली

साल १९४७. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, पण लंडनमध्ये पेट्रोल अजून रेशनवरच होतं.

कॉलिन चॅपमन नावाचा पोरगा तेव्हा युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकत होता. वडील हॉर्नसे भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. कॉलेजातून वेळ काढून कॉलिन एका मित्रासोबत जुन्या गाड्या घ्यायचा आणि वर चार पैसे ठेवून विकायचा. धंदा बरा चालला होता.

तेवढ्यात सरकारनं खासगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोलच नाही तर गाडी कोण घेणार? भाव कोसळले, कॉलिननं मिळेल त्या किमतीला माल काढला आणि कमावलेलं सगळं घालवून बसला. शेवटी दारात एकच गाडी उरली, जिला कुणी हात लावेना. जुनी ऑस्टिन सेव्हन.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे इंग्रजांची मारुती ८०० समजा. १९२२ साली आलेली, मध्यमवर्गाला परवडणारी चिमुकली गाडी. इंजिन फक्त ७४७ सीसी, म्हणजे मारुतीपेक्षाही छोटं.

कॉलिननं ठरवलं, विकली जात नाही तर हिलाच रेसची गाडी करू.

पण करायची कुठं? त्याची मैत्रीण हेझल विल्यम्सच्या आईवडिलांचं मसवेल हिल भागात घर होतं आणि घरामागं एक गॅरेज होतं. गाडी तिथं गेली. कॉलेज सांभाळून रात्री आणि सुट्टीत काम सुरू झालं, हेझलही हाताला हात लावायची.

कॉलिननं आधी जुनी बॉडी उतरवली. खालची चेसिस पिळली जायची, म्हणून तिला पत्रे जोडून डब्यासारखं बंद केलं. कॉलेजच्या एअर स्क्वाड्रनमध्ये तो विमान चालवायला शिकला होता, त्यामुळं विमान हलकं असूनही मजबूत कसं राहतं याचा त्याला अंदाज होता. त्यानं ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बनवली. वजन कमी आणि ताकद जास्त.

१९४८ साली ही गाडी चिखलाच्या चढांवर होणाऱ्या ट्रायल्स शर्यतीत उतरली. कॉलिननं तिला नाव दिलं लोटस. हो, लोटस म्हणजे कमळच. हेच नाव का, हे त्यानं कधीच जाहीरपणे सांगितलं नाही.

खरी करामत पुढं १९५१ मध्ये झाली. ७५० मोटर क्लबच्या शर्यतींमध्ये ऑस्टिन सेव्हनचंच इंजिन वापरायचा नियम होता, म्हणजे ताकद सगळ्यांची जवळपास सारखीच. आता या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जायला तोंडं दोनच. चाळीत दोन खोल्यांना मिळून एकच नळ असावा तसा प्रकार. एकानं पाणी ओढलं की दुसऱ्याची बोंब. कॉलिननं आत पडदी घालून प्रत्येक सिलिंडरला वेगळी वाट करून दिली. इंजिन तेच, पण ताकद एकदम वाढली. त्याची मार्क थ्री गाडी इतकी जिंकायला लागली की क्लबनं नियम बदलून ही युक्तीच बंद केली.

नियमाच्या पुस्तकात जे लिहिलेलं नाही ते शोधायचं, ही खोड त्याला इथंच लागली आणि ती आयुष्यभर गेली नाही.

१९५२ साली हेझलकडून २५ पाउंड उसने घेऊन त्यानं कंपनी काढली. पत्ता होता वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला. दोन वर्षांनी दोघांचं लग्न झालं. गॅरेजमधून वर आलेल्या या माणसानं गॅरेजवाल्यांनाच गिऱ्हाईक केलं. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत मिळायची, घरी नेऊन जोडायची. पूर्ण गाडीवर लागणारा खरेदी कर त्यातून वाचायचा.

१९५८ मध्ये टीम लोटस फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९६२ च्या लोटस २५ मध्ये कॉलिननं नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला, पत्र्याची पोकळ बॉडीच चेसिसचं काम करू लागली. प्लायवूडच्या गाडीचाच हा मोठा भाऊ म्हणायचा. १९६३ आणि १९६५ मध्ये जिम क्लार्क विश्वविजेता झाला. गाडी जिंकली की कॉलिन ट्रॅकवर येऊन डोक्यावरची टोपी हवेत भिरकवायचा. संघाला एकूण सात कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं मिळाली.

पण या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती भयंकर आहे.

वजन कमी करता करता काही भाग फार नाजूक व्हायचे. १९६९ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले. जखमी झालेल्या योहान रिंटनं कॉलिनला पत्र लिहिलं. गाड्या एवढ्या वेगवान आहेत की कमकुवत भाग मजबूत करायला थोडं वजन वाढलं तरी आपण मागं पडणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सहकाऱ्यानं इतकं स्पष्ट लिहून देणं साधी गोष्ट नव्हती.

५ सप्टेंबर १९७० ला मोन्झाच्या सरावात रिंटच्या लोटस ७२ चा ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि तो गेला. ट्रॅकचं रेलिंग नीट नव्हतं, रिंट बेल्टचे सगळे पट्टे लावत नव्हता, हेही खरं. पण तुटलेला भाग लोटसचा होता. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. त्याआधी १९६८ मध्ये जिवलग मित्र क्लार्कही लोटसच्याच गाडीत हॉकेनहाइमला गेला होता. तिथं मागचा टायर बसल्याचा अंदाज होता.

कॉलिन थांबला नाही. १९७८ मध्ये गाडीखालच्या हवेनं गाडीलाच जमिनीकडं खेचून घेणारी लोटस ७९ आली आणि मारिओ आंद्रेत्ती जिंकला.

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं कॉलिनचं निधन झालं, वय अवघं ५४. तेव्हा डीलोरियन कंपनीच्या गाडीसाठी दिलेल्या लाखो डॉलर्सच्या अफरातफरीची चौकशी सुरू झाली होती. दहा वर्षांनी लोटसचा एक बडा अधिकारी तुरुंगात गेला. कॉलिन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी सुनावलं.

आणि ती पहिली गाडी? ती १९५० मध्ये विकली गेली, नंतर तिचा पत्ता लागला नाही. कंपनीनं लोकांना शोधायचं आवाहनही केलं. इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये धूळ खात पडलेली ऑस्टिन सेव्हन दिसली, तर आधी बॉडीवर टकटक करून बघा. पत्र्याखाली प्लायवूड लागलं, तर ती तीच असू शकते.