ज्वारीसाठी दिलेला शब्द

१९६५ साल भारताला फार कठीण गेले. सीमेवर युद्ध पेटले होते, पावसाने पाठ फिरविली होती आणि परदेशी गव्हासाठी शिधावाटपाच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या. अशा वेळी पुण्यास शनिवारवाड्यापुढील सभेत मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी एक विलक्षण प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर जनतेने आपणास फाशी द्यावी, असे त्यांनी जाहीर केले. शांत आणि मितभाषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषाच्या तोंडून असा शब्द निघावा, याचे लोकांस आश्चर्य वाटले.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे बंजारा कुटुंबात झाला. एके काळी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत. आगगाडी आल्यावर तो व्यापार बुडाला आणि त्यांपैकी अनेकांनी नांगर हाती धरला. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुली वसविली ती अशीच. नातू नागपुरास शिकून वकील झाला, तरी त्याचे मन शेतातच राहिले. मंत्री झाल्यावर मुंबईतील आपल्या बंगल्यास त्यांनी ‘वर्षा’ हे नाव दिले. १९६३ साली मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी तो बंगला सोडला नाही.

प्रतिज्ञेनंतर वसंतरावांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला. या ज्वारीचे पीक भरघोस येई, परंतु तिचे बी दरवर्षी नवे विकत घ्यावे लागे आणि खतही घालावे लागे. खळ्यावरच्या राशीतून निवडून ठेवलेले घरचे बी पेरणाऱ्या शेतकऱ्यास ही रीत परकी वाटली, यात नवल नव्हते. त्याची समजूत घालण्यासाठी वसंतराव गावोगाव हिंडले. मुख्यमंत्री बांधावर उभा राहून बियाण्याविषयी बोलतो, हे दृश्य तेव्हा नवे होते. खरिपाच्या मुलखात हे बी रुजले आणि उत्पन्न वाढले.

सगळीकडे मात्र ते चालले नाही. परांडे तालुक्यात काळभैरवनाथाचे सोनारी हे गाव आहे. त्या बाजूची मुख्य ज्वारी रब्बीची. पावसाळ्याच्या अखेरीस ती पेरावयाची आणि पुढे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर व थंडीवर वाढवावयाची. तिथे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडीचे राज्य होते. तिची भाकरी पांढरी व गोड, आणि कडबा पुरुषभर उंचीचा. बुटक्या संकरित ज्वारीपासून जनावरांची वैरण भागत नसे. अशा भागातील शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, हा त्याचा हट्ट नव्हे, हिशेब होता.

दोन वर्षे सरली, परंतु महाराष्ट्र धान्याच्या तुटीतून पुरता सुटला नव्हता. फाशीची मागणी कोणी केली नाही. प्रयत्न लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. मालदांडीला हवी असलेली ओलच जमिनीत उरली नाही. उस्मानाबाद जिल्हाही त्यात होरपळला. परदेशची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढावे लागले. वसंतरावांच्या शासनाने लोकांस फुकट धान्य वाटण्याऐवजी काम देण्याचे ठरविले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यात पसरली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडताना हातांना फोड आले, पण त्याच हातांनी पाझर तलाव व नालाबांधही उभे राहिले. दुष्काळ ओसरल्यावर त्यांत पाणी साठू लागले.

वसंतरावांच्याच कारकीर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे निघाली. १९७५ साली ते मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. परभणीच्या विद्यापीठास आता त्यांचे नाव आहे. त्याच विद्यापीठाने पुढे रब्बी ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण काढले. ते संकरित नव्हते. त्याचे बी शेतकऱ्यास आपल्या राशीतून राखून ठेवता येत होते.